संबोधीचा जर्मनचा पेपर

विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे विदेशी भाषेच्या परीक्षेला तीनदा बसता येतं. संबोधी हुमणेच्या तीनपैकी दोन संधी गेल्या होत्या, आणि तिसऱ्या खेपेलाही नापास झाली असती तर सहा वर्षांची पीएचडी तिथेच संपणार होती.

संबोधी बेचाळीस वर्षांची. शहराच्या अन्नपूर्णा भागातल्या एका शाळेत सकाळी सामाजिक विज्ञान शिकवायची, दुपारी घरचं बघायची आणि उरलेल्या वेळात धर्म-अध्ययन विभागात संशोधन करायची. लग्न केलं नव्हतं. आई गेल्यापासून शहरातल्या घरात ती आणि तिचे वडील भाऊराव, दोघंच. भाऊरावांचे आजोबा फौजेतून महूला आले आणि तिथलेच झाले. भाऊरावांनी स्वतः छावणीत स्टोअरकीपरची नोकरी केली आणि चाळीस वर्षं दर रविवारी महूच्या विहारात सगळ्यांच्या पुढे बसून पाली वंदना म्हटली. संबोधीचा विषय त्यातूनच निघाला होता. महूच्या मराठी बौद्ध घरांत वंदना कोण शिकवतं, कशी शिकवतं, म्हणणाऱ्याला ती काय वाटते, हे ती शोधत होती. त्रेचाळीस घरांत बसून तिने रेकॉर्डिंग केलं होतं. पालीच्या परीक्षेत विभागात पहिली आली होती.

पण नियमात दोन भाषा होत्या. मूळ ग्रंथांची एक, आणि संशोधनाची एक विदेशी. जर्मन, फ्रेंच किंवा जपानी. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस घरांत लोक तिच्याशी मराठी बोलले होते, प्रबंध हिंदीत लिहायचा होता, तेव्हा मराठी धरतील का, असं तिने सुरुवातीलाच ऑफिसात विचारून पाहिलं होतं. तिथले चिंतामणजी भला माणूस. त्यांनी फाईल उघडून नियम पुन्हा वाचला आणि म्हणाले, "मॅडम, मराठी विदेशी थोडीच आहे. वो तो घर की है." तिच्या मार्गदर्शक मधुरिमा मॅडम तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, पालीवरचं जुनं काम बरंचसं जर्मनमध्ये आहे, तेव्हा जर्मनच घ्या. संबोधीने जर्मन घेतली.

पहिल्या खेपेला ती मोबाईलवर शिकून गेली होती. मोबाईलने तिला सफरचंद, कुत्रा आणि रेल्वे स्टेशनचा रस्ता शिकवला होता. पेपरात आला कर्मसिद्धांतावरचा एक पानभर उतारा. शंभरात एकतीस मिळाले.

दुसऱ्या खेपेला तिची तयारी बरी होती. एप्रिलचा महिना. हजेरीच्या कागदावर सही झाली, उतारा हातात आला, दोन ओळी वाचून झाल्या, आणि शिपाई दारात येऊन तिचं नाव विचारू लागला. शेजाऱ्यांचा विभागात फोन आला होता. भाऊराव मोरीच्या दारात पडले होते आणि त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. ती पेपर तसाच टाकून निघाली.

भाऊराव वाचले. उजवा हात गेला, पाय थोडा ओढला जाऊ लागला, आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, ओठांपर्यंत काहीतरी यायचं, पण बाहेर पडायचं ते फक्त "ते... ते..." उशी हवी असली तरी तेच, पंखा बंद करायचा असला तरी तेच. समोरच्याला समजलं नाही तरी ते रागावायचे नाहीत, आपलंच चुकलं असा त्यांचा चेहरा व्हायचा. संबोधीला त्या चेहऱ्याचंच जास्त वाईट वाटायचं.

हॉस्पिटलचे कागद जोडून तिने विद्यापीठाला अर्ज केला, की ही संधी धरू नये. समितीची बैठक दोनदा पुढे गेली. शेवटी जूनमध्ये एका ओळीचं उत्तर आलं. उपस्थितीपत्रकावर स्वाक्षरी असल्याने संधी वापरली गेली असे मानण्यात येत आहे. मधुरिमा मॅडम चिडल्या, म्हणाल्या कुलगुरूंकडे जाऊ. संबोधी नको म्हणाली. भांडायलाही दुपार मोकळी लागते, आणि तिची दुपार फिजिओथेरपीची होती.

महूहून तिची आत्या धम्मदीना येऊन राहिली. आत्याची सत्तरी उलटलेली, पण हातपाय चालते. ती होती म्हणून संबोधीची शाळा सुटली नाही. बुद्धपौर्णिमेला आत्याने फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि वंदना सुरू केली. दुसऱ्या ओळीला मागून पुरुषाचा आवाज आला. संबोधी स्वयंपाकघरातून धावत आली. भाऊराव पलंगावर पडल्या पडल्या म्हणत होते. तिसरण झालं, पंचशील झालं, पुढचं सगळं झालं. कुठे अडखळले नाहीत, एक अक्षर चुकलं नाही. संपल्यावर आत्या रडायला लागली. भाऊरावांना तहान लागली होती. त्यांनी तांब्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "ते... ते."

हॉस्पिटलात त्यांना बोलायला शिकवायला वल्लरी नावाची एक पोरसवदा थेरपिस्ट होती. तिला याचं नवल वाटलं नाही. "काकांचं बोलणं गेलंय, म्हणणं नाही गेलेलं," ती म्हणाली. "पाठ केलेलं, चालीत म्हटलेलं, ते डोक्यात दुसरीकडे असतं ना. आपण त्याच चालीत शब्द बसवून बघू."

मग रोज संध्याकाळी घरात तेच चालू झालं. आत्या वंदनेच्या चालीत "पाणी दे" म्हणायची, भाऊरावांचा डावा हात धरून मांडीवर ठेका द्यायची, आणि भाऊराव तिच्या मागून म्हणायचे. दहा दिवसांनी त्यांना "पाणी" आलं. पावसाळा संपता संपता त्यांच्याकडे अकरा शब्द झाले होते. त्यातला एक होता "आनंदी". ते संबोधीच्या आईचं नाव. भाऊराव तो शब्द संबोधीसाठी वापरत. वल्लरीने तो दुरुस्त करायला सांगितलं होतं, पण संबोधी त्या नावाला ओ द्यायची. रोज किती गोष्टी दुरुस्त करायच्या, असं तिला झालं होतं.

या सगळ्यात जर्मन मागे पडली होती. परीक्षा जानेवारीत होती. मधुरिमा मॅडमनीच कुणाकडून तरी इंदिरा तारेंचा पत्ता आणला. इंदिराबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. तरुणपणी पुण्याला राहून जर्मन शिकल्या होत्या आणि पुढे तीस वर्षं एका औषधाच्या कंपनीत जर्मन पत्रांची भाषांतरं करत होत्या. आता मल्हारगंजात एका बादल्या-टोपल्यांच्या दुकानावर दोन खोल्यांत एकट्या राहत. मुलगी कॅनडात.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी संबोधी शाळेतून थेट बडा गणपतीच्या स्टॉपवर उतरली आणि गल्लीतल्या हातगाड्यांमधून वाट काढत तिथे पोहोचली. इंदिराबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, नाव विचारलं, आडनाव विचारलं.

"हुमणे. म्हणजे महूचे?"

"हो, महूचेच."

इंदिराबाई जराशा थांबल्या. असल्या थांबण्याची संबोधीला लहानपणापासून सवय होती. कोण किती वेळ थांबतं हे तिला न मोजता कळायचं. हे थांबणं फार लांबलं नाही.

"मग तुला पाली येत असेल," इंदिराबाई म्हणाल्या.

"येते."

"मग जर्मनला काय घाबरते. बस आरामात, पंखा लावते."

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, चार ते सव्वापाच. इंदिराबाईंची जर्मन गोळ्या, मलमं आणि बॉयलरची होती. निर्वाण, पुनर्जन्म, विहार हे शब्द त्यांनी जर्मनमध्ये कधी वाचले नव्हते. पण वाक्य कसं उभं राहतं हे त्यांना नीट ठाऊक होतं. पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं हे सांगून त्या म्हणाल्या, जर्मन माणूस शेवटपर्यंत सांगत नाही की काय केलं, आपण तरी कुठे सांगतो? तू इंग्रजीच्या वाटेनं जाते म्हणून अडखळते, मराठीतून जा. संबोधी मराठीतून जाऊ लागली, आणि खरोखरच काही वाक्यं सोपी झाली. पण शब्द राहायचे नाहीत. नपुंसकलिंगी मुलगी आणि स्त्रीलिंगी सूर्य वहीत दहा दहा वेळा लिहून ती घरी यायची, आणि दुसऱ्या दिवशी सातवी ब च्या वर्गात उभी राहिली की सगळं पुसलेलं असायचं.

एकदा नोव्हेंबरात ती वहीवर डोकं टेकून झोपून गेली. जाग आली तेव्हा सहा वाजून गेले होते आणि तिच्या पाठीवर शाल होती. इंदिराबाई पलीकडे शेंगा सोलत बसल्या होत्या. ती ओशाळली, उठवलं का नाही म्हणाली. इंदिराबाई म्हणाल्या की त्यांचे यजमान आजारी होते तेव्हा त्यांनाही ऑफिसात अशीच डुलकी लागायची, आणि तिथे त्यांना कुणी झोपू द्यायचं नाही.

जानेवारीतल्या पेपराच्या दिवशी धुकं होतं. संबोधीने सकाळी भाऊरावांना अंघोळ घातली, दाढी केली, आत्याला औषधांच्या वेळा पुन्हा सांगितल्या आणि निघाली. विभागाच्या वरच्या खोलीत नऊजण होते, सगळे तिच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. दोन तास, एक पान. कोश जवळ ठेवायची परवानगी होती. उत्तर हिंदीत किंवा इंग्रजीत. हजेरीचा कागद समोर आला तेव्हा ती क्षणभर पेन धरून बसली, मग सही केली.

उतारा शंभर वर्षांपूर्वीच्या एका जर्मन अभ्यासकाचा होता. तो सिलोनमध्ये हिंडला होता आणि तिथल्या एका खेड्यातल्या पौर्णिमेचं त्याने वर्णन केलं होतं. संबोधीने पहिल्यांदा सबंध पान वाचून काढलं. विहाराचं अंगण, दिवे, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. तिला ते दिसत होतं. अर्ध्या पानानंतर तिच्या लक्षात आलं, की आपण मनात मराठी न करताच वाचतोय. तिला आनंद झाला नाही. फक्त हे कधी झालं, असं वाटलं.

दीड तासात एक वाक्य सोडून सगळं लिहून झालं. ते वाक्य शेवटून दुसरं होतं. गृहस्थ लोक ही सूत्रं त्यांचा अर्थ न समजता नुसती... आणि पुढे एक क्रियापद, ज्याचे दोन तुकडे होऊन एक वाक्याच्या टोकाला गेला होता. तिने कोश उघडला. बडबडणे, असं होतं. लहान मूल करतं तसं, किंवा बोलणाऱ्याला काय बोलतो ते कळत नसताना.

ती त्या शब्दाकडे बघत बसली. तिला विहारात पुढे बसलेले भाऊराव आठवले नाहीत. आठवला तो गेल्या आठवड्यातला सकाळचा चहा. भाऊराव कपाकडे बघून कपाळाला घाम येईपर्यंत एक शब्द शोधत होते, आणि तो सापडल्यावर तिच्याकडे बघून हसले होते. शब्द "साखर" होता.

हिंदीत "पाठ करते हैं" लिहिता आलं असतं. "दोहराते हैं" चाललं असतं. तपासणाऱ्याने कदाचित अर्धा मार्क कापला असता, कदाचित तोही नाही. पण त्या माणसाने तसं म्हटलं नव्हतं. त्याने जे म्हटलं होतं ते तिला स्वच्छ समजलं होतं, आणि तिला समजलंय की नाही एवढंच तिथे विचारलं होतं. तिने लिहिलं, "बिना अर्थ समझे केवल बड़बड़ाते हैं." मग कागद दिला आणि खाली आली. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

ती घरी गेली नाही. मल्हारगंजात गेली. इंदिराबाईंनी पेपर कसा गेला विचारलं, आणि तिने ते वाक्य सांगितलं. आधी जर्मनमध्ये, मग मराठीत. मग भाऊरावांचं सांगितलं. पाच महिन्यांत तिने इंदिराबाईंना वडील आजारी आहेत यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. वंदना पूर्ण येते पण पाणी मागता येत नव्हतं, हे ती घराबाहेर पहिल्यांदाच कुणाला सांगत होती.

इंदिराबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या घरी तीन पिढ्या संध्या केली माणसांनी," त्या म्हणाल्या. "होळकरांच्या कचेरीत मोठमोठे कागद लिहिणारी माणसं. माझ्या वडिलांना मी एकदा अर्थ विचारला होता. मला म्हणाले, तुला काय करायचंय. त्यांना येत नव्हता, बेटा. आणि त्यांना कुणी बडबडतात म्हटलं नाही कधी."

संबोधीने प्रश्नपत्रिकेची घडी करून पिशवीत ठेवली.

"तू बरोबर लिहिलंस," इंदिराबाई म्हणाल्या. "तो बोलला ते लिहिलंस. आता तू काय बोलते ते वेगळं लिही." आणि त्या आत जाऊन पोहे परतायला लागल्या.

निकाल फेब्रुवारीच्या शेवटी लागला. पन्नास मार्कांना पास होतं. संबोधीला चौपन्न होते. चिंतामणजींनी यादीवर बोट ठेवून दाखवलं, मग उठून तिच्यासाठी चहा मागवला. मधुरिमा मॅडमनी मिठी मारली आणि लगेच विचारलं, की प्रबंधाचं तिसरं प्रकरण कधी देता? संबोधी म्हणाली, एक महिना मी काही वाचणार नाही, लिहिणार नाही. मॅडम जरा चकित झाल्या, पण हो म्हणाल्या.

त्या महिन्यात ती झोपली. शाळेतून यायची, जेवायची, आणि दोन वाजता पडायची ती पाचलाच उठायची. आत्याने आधी काळजी केली, मग सोडून दिली. इंदिराबाईंकडे शनिवारचं जाणं मात्र तिने बंद केलं नाही. तिथे त्या दोघी आता फारसं शिकत नसत. इंदिराबाईंची मुलगी त्यांना कॅनडाला बोलवत होती आणि त्यांना जायचं नव्हतं, त्याबद्दल बोलणं चालायचं.

एप्रिलमध्ये तिने मॅडमना सांगून ते मूळ पुस्तक शोधायला लावलं. उतारा कुठला, हे प्रश्नपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलं होतं. एका मोठ्या ग्रंथालयाने त्याच्या पानांचे फोटो पाठवले. सिलोनचं प्रकरण चाळीस पानांचं होतं. संबोधी रोज चार-पाच पानं वाचायची, कोश मांडीवर घेऊन, भाऊराव शेजारी खुर्चीत. कधी त्यांना झोप लागायची, कधी ते पानांवरच्या चित्रांकडे बोट करून "ते" म्हणायचे आणि ती चित्रात काय आहे ते सांगायची.

नवव्या दिवशी ती प्रकरणाच्या शेवटी पोहोचली. तिथे लेखकाने प्रवासाच्या अडचणी लिहिल्या होत्या. पाऊस, डास, खराब बैलगाडी. आणि त्यातच दोन वाक्यं होती. त्या खेड्यात तो तीन दिवस राहिला होता. लोकांची भाषा त्याला येत नव्हती, आणि बरोबरचा दुभाषा तापाने आजारी पडल्यामुळे कुणाशी काही बोलणं होऊ शकलं नाही, याची त्याला खंत होती.

संबोधीने ती दोन वाक्यं पुन्हा वाचली. चुकीचं तर वाचत नाही ना, म्हणून "दुभाषा" आणि "खंत" दोन्ही शब्द कोशात बघितले. बरोबर होते. नऊ महिन्यांच्या शिकण्यात, ज्या गोष्टीसाठी ती शिकत होती ती तिला पहिल्यांदाच हातात आल्यासारखी वाटली. या माणसाने पालीची हस्तलिखितं वाचली होती. आणखी चार भाषा त्याला येत होत्या, तेही त्याने लिहिलं होतं. त्या गावची मात्र येत नव्हती, आणि ती येते का, असं त्याला कुठल्या विद्यापीठाने विचारलं नव्हतं.

तिने इंदिराबाईंना फोन करून ती दोन वाक्यं वाचून दाखवली. इंदिराबाईंनी दुसऱ्या वाक्यातला तिचा एक उच्चार सुधारला, आणि मग म्हणाल्या, "बिचारा. निदान लिहून तरी ठेवलं त्याने."

संबोधीलाही त्याचा राग आला नाही. राग यायला जेवढा जोर लागतो तेवढा तिच्याकडे उरला नव्हता, आणि खंत हा शब्द तिला खरा वाटला होता. तिने तिसऱ्या प्रकरणाची फाईल उघडली आणि बडबडण्याचं ते वाक्य आणि ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिली, आधी जर्मन, खाली हिंदी, पुढे पान क्रमांक. त्याखाली तिने त्रेचाळीस घरांतल्या पहिल्या घराचं नाव लिहिलं. त्या घरात, महूजवळच्या किशनगंजात, एका म्हातारीने, वंदना म्हणताना तुम्हाला काय वाटतं असं विचारल्यावर, अर्धा तास उत्तर दिलं होतं. ते सबंध उत्तर संबोधीने आधी मराठीत उतरवून घेतलं. हिंदी नंतर करता येईल, असं तिने ठरवलं.

तेवढ्यात आत्याने जेवायला हाक मारली. अजून दोनच ओळी राहिल्या आहेत, असं सांगून ती लिहीत राहिली.